अनारसे, खसखस आणि लघवीची तपासणी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नोकरीवर असलेल्या सगळ्यांचीच अमली पदार्थांसाठी अधूनमधून तपासणी करावी, असा आग्रह हल्ली कंपन्यांच्या बैठकांत धरला जातो. उभी हयात कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात गेल्यामुळे याविषयी दोन शब्द लिहितो.

क्रेन, भट्टी, आगगाडी, विमान ज्यांच्या हाती आहे त्यांची तपासणी व्हायलाच हवी. 4 जानेवारी 1987 रोजी अमेरिकेत मेरीलँडमधल्या चेस इथे मालवाहू कंपनीची इंजिने सिग्नल ओलांडून प्रवासी गाडीच्या वाटेत आली आणि 16 जण दगावले. इंजिनावरच्या दोघांनी गांजा ओढल्याचे उघड झाले. पुढे 1991 मध्ये तिथे वाहतूक क्षेत्रासाठी सक्तीच्या चाचण्यांचा कायदा झाला.

पण हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाची लघवी कशासाठी तपासायची? यंत्रात फुंकर मारली की माणूस आत्ता प्यायलेला आहे का, ते कळते. लघवीचे तसे नाही. नेहमी गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचा अंश काही आठवडेही सापडू शकतो. त्यावरून त्याने मागे कधीतरी काय केले ते समजेल, आज पाळीवर तो भानावर होता की नाही, हे समजणार नाही. होळीच्या थंडाईतली भांग घ्या. तिची पाने एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत, चाचणीत मात्र भांग आणि गांजा एकच!

त्यात आपली खसखस. दिवाळीत अनारसे खाल्ले म्हणून कोणी अफूबाज ठरत नाही, पण चाचणीत खसखशीमुळे अफूवर्गीय अंश दिसू शकतो. याच कारणाने अमेरिकेने 1998 मध्ये सरकारी चाचण्यांतली मर्यादा दर मिलिलिटरला 300 नॅनोग्रॅमवरून 2000 वर नेली. तरीही 2023 मध्ये तिथल्या संरक्षण खात्याला सैनिकांना खसखस टाळा, असे सांगावे लागले. कोडीन हे अफूवर्गीय द्रव्य असलेल्या खोकल्याच्या औषधाचीही हीच गत. श्वासाचे यंत्रही फसतेच म्हणा: केरळात एसटीच्या चालकांना पिकलेल्या फणसाने गोत्यात आणले होते. कोकणातल्या आगारांनी याची नोंद घ्यावी.

आपल्याकडे आदर्श म्हणून घ्यावा असा नियम आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने तो 31 जानेवारी 2022 पासून लागू केला. वैमानिक व हवाई वाहतूक नियंत्रकांपैकी दरवर्षी किमान 10 टक्क्यांची तपासणी होते. पहिल्या चाचणीत संशय आला तर त्या माणसाला संवेदनशील कामावरून बाजूला ठेवतात आणि प्रयोगशाळेत खात्रीची चाचणी होते. तीही विरुद्ध गेली तर पहिल्या खेपेस त्याला व्यसनमुक्तीसाठी पाठवले जाते. परवान्यावर गदा येते ती त्यानंतरही तो सापडला तर.

कारखान्यांत हे कोण पाळणार? कायम कामगाराच्या पाठीशी युनियन असते, आरोपपत्र आणि खातेनिहाय चौकशीशिवाय त्याला काढता येत नाही. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत मात्र पहिल्या चाचणीच्या पट्टीवर रेघ चुकीची दिसली की दुसऱ्या दिवशी त्याचा गेटपास बंद, आणि कारण कागदावर कुठेच नाही. म्हणून तपासणी फक्त धोक्याच्या कामांवर असावी, नमुन्याचा अर्धा भाग फेरतपासणीसाठी राखून ठेवावा, निकाल सांगण्याआधी कारखान्याच्या डॉक्टरांनी कामगाराची औषधे विचारावीत. आणि खात्रीचा अहवाल हाती येईपर्यंत कंत्राटदाराच्या माणसाचीही हजेरी भरली जावी.

आपला,
एक निवृत्त पर्सोनेल अधिकारी, चिंचवड