मधुमेह शमतो, त्याला ‘मुक्ती’ म्हणू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

१४ नोव्हेंबरच्या जागतिक मधुमेह दिनानिमित्त आपल्या पुरवणीत आहाराच्या बळावर गोळ्या सुटलेल्या काही जणांचे अनुभव छापून आले. ते मी दोनदा वाचले, कारण मीही त्याच वाटेने चाललेली आहे. मात्र त्यांवर ‘मधुमेहमुक्त’ हा जो शब्द मोठ्या अक्षरांत होता, त्याविषयी मला तक्रार आहे. या एका शब्दाने आमच्या गावात काय केले, ते सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी दारव्हा तालुक्यातील एका गावात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. २०१९ च्या दिवाळीनंतर पाय जळजळू लागले म्हणून तपासणी केली, तेव्हा एचबीएवनसी, म्हणजे मागील सुमारे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ९.१ आली. वजन ७३ किलो होते. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन गोळ्या सुरू झाल्या. पुढे वर्षभरात वजन ६० किलोंवर आले, डॉक्टरांनी आधी ग्लिमेपिराइड आणि मग मेटफॉर्मिन बंद केली, आणि त्यानंतर तीन महिन्यांनी केलेल्या तपासणीत ६.० हा आकडा आला.

आहारात काय बदलले, असे मला सगळेच विचारतात आणि ‘ज्वारीची भाकरी’ एवढेच उत्तर ऐकून समाधानाने परत जातात. खरी गोष्ट जरा वेगळी आहे. मीही आधी गव्हाची पोळी सोडून भाकरीवर आले होते आणि दोन महिन्यांत साखर जवळजवळ हलली नव्हती. मग एके दिवशी भाकरीचा उंडा थापण्याआधी किराणा दुकानातून आणलेल्या तराजूवर ठेवून पाहिला. आमच्याकडची भाकर चांगली ताटभर असते. एका उंड्यात शंभर ग्रॅमहून जास्त पीठ निघाले, आणि मी दोन्ही वेळा दोन-दोन भाकरी खात होते. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठातही साधारण ६८ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात, म्हणजे या बाबतीत ज्वारी गव्हाहून काही कमी नाही. त्या दिवसापासून उंडा निम्मा झाला आणि एका वेळेला एकच भाकरी ठरली. तिच्या जागी तुरीचे घट्ट वरण वाटीभराऐवजी दोन वाट्या, आंबाडी, मेथी किंवा वांग्याची भाजी, मुळा-काकडी आणि जवसाची चटणी आली. दिवसातून पाच वेळा होणारा साखरेचा चहा दोन वेळा बिनसाखरेचा झाला. घरात माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक करायचा नाही, असे मी पहिल्याच आठवड्यात ठरवले होते, कारण दोन चुली सांभाळणारी बाई महिनाभरात थकते आणि सगळ्यांचे उरलेले खाऊ लागते.

आता त्या शब्दाकडे वळते. आमच्याच गल्लीत एक कास्तकार राहतात. त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे आणि इन्शुलिनही सुरू होते. माझ्या गोळ्या सुटल्याचे गावभर झाले, लोक मला ‘शुगरमुक्त बाई’ म्हणू लागले, तेव्हा ते एकदा ओट्यावर येऊन म्हणाले, “बाई, तुम्ही भाकर खाऊन बऱ्या झाल्या, मंग म्या काहून सुया टोचू?” मी त्यांना समजावले, पण जितके ठामपणे सांगायला हवे होते तितके सांगितले नाही, मलाही तेव्हा आपण बरे झालो असेच वाटत होते. त्यांनी इन्शुलिन आणि गोळ्या दोन्ही स्वतःच्या मनाने बंद केल्या. चार महिन्यांनी, ओलिताच्या शेतात पायाला लागलेली जखम चिघळली आणि उजव्या पायाचे एक बोट काढावे लागले. त्या बोटाचा विचार आल्याशिवाय माझा एकही आठवडा जात नाही.

डॉक्टर ज्याला ‘रिमिशन’ म्हणतात, त्याची व्याख्या २०२१ मध्ये अमेरिका आणि युरोपातील मधुमेहतज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून ठरवली आहे: साखर कमी करणारी सर्व औषधे बंद केल्यानंतर किमान तीन महिन्यांनी एचबीएवनसी ६.५ टक्क्यांच्या खाली असणे. आजार गेला, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही; उलट दरवर्षी तपासणी करत राहण्यास सांगितले आहे. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दिवसाला सुमारे ८५० उष्मांकांचा द्रव आहार तीन ते पाच महिने देऊन वजन उतरवले गेले. एका वर्षाने त्या गटातील ४६ टक्के लोक रिमिशनमध्ये होते आणि १५ किलो किंवा अधिक वजन कमी केलेल्यांत तर हे प्रमाण ८६ टक्के होते. दुसऱ्या वर्षाअखेर मात्र ४६ चे ३६ झाले. शिवाय त्या सर्वांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता आणि इन्शुलिनवरील कोणीही त्यात नव्हते. यकृतातील आणि स्वादुपिंडातील साठलेली चरबी उतरली की इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी पुन्हा काम करू लागतात, असे या अभ्यासाचे एक प्रमुख संशोधक रॉय टेलर यांचे प्रतिपादन आहे. पण बारा-पंधरा वर्षांत ज्या पेशी कायमच्या गेल्या, त्या भाकरी मोजून परत येत नाहीत. टाइप १ मधुमेहात शरीर इन्शुलिन जवळजवळ बनवतच नाही; त्या मुलांना तर बाहेरून घेतलेले इन्शुलिन हाच आधार आहे.

आपल्याकडे नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार मांडला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तो महाराष्ट्रभर नेला. त्यामुळे खाण्याकडे लक्ष देण्याची सवय खेड्यापर्यंत आली, याबद्दल मला आदर आहे. तथापि ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांकडून मात्रा कमी करून न घेता अचानक जेवण कमी केले, तर साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते, हेही त्याच पानावर छापले गेले पाहिजे.

कपाशीच्या शेतातले कुंदा हे तण प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. उन्हाळ्यात वरून सगळे रान मोकळे दिसते, मुळ्या मात्र काळ्या मातीत खोल असतात, आणि पहिल्या पावसाला तो पुन्हा फुटतो. माझ्या बाबतीत तो पाऊस मुलीच्या लग्नाच्या वर्षी पडला. पाहुणचार, पंगती, आग्रहाची बुंदी आणि ‘आता काय, तुम्ही तर बऱ्या झाल्या’ हे वाक्य. सहा महिन्यांत चार किलो वजन वाढले आणि एचबीएवनसी ६.७ झाली. वार्षिक तपासणी चुकवली नव्हती म्हणूनच ते वेळेत कळले. आठ महिन्यांनी आकडा पुन्हा ६.२ वर आला.

आणि नेमकी ही तपासणीच आमच्यासारख्यांना अवघड झाली आहे. गावातील आरोग्य केंद्राच्या मधुमेहाच्या नोंदवहीतून माझे नाव कमी करण्यात आले, कारण मी गोळ्या नेत नाही. “बाई, तुम्ही आता पेशंट नाही,” असे मला आनंदाने सांगण्यात आले. तिशीवरील प्रत्येकाची साखर तपासण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि आशाताई घरोघरी फिरून ते काम मनापासून करतात. पण गोळ्या सुटलेल्यांसाठी आमच्या नोंदवहीत रकानाच नाही. एचबीएवनसीसाठी मी एस.टी.ने तालुक्याला जाऊन पैसे भरते. निवृत्तिवेतन असल्याने मला ते जमते, मजुरीवर जाणाऱ्या बाईला रोज बुडवून जमणार नाही. त्यातच आपल्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आणि वाहक मोठ्या संख्येने आहेत. सिकलसेलमध्ये आणि रक्त कमी असताना एचबीएवनसीचा आकडा फसवा येऊ शकतो, त्यामुळे अशांची उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरही पाहावी लागते.

म्हणून आरोग्य विभागाने नोंदवहीत ‘औषधाविना, देखरेखीखाली’ असा एक रकाना वाढवावा आणि त्यातील प्रत्येकाची वर्षातून एकदा साखर, डोळे, लघवी आणि पाय यांची तपासणी गावातच करावी, अशी माझी विनंती आहे. रेशनवर आमच्या भागात मिळतात ते गहू आणि तांदूळ. सोयाबीन आले आणि रानडुकरांचा त्रास वाढला तसा ज्वारीचा पेराही गेला. गव्हा-तांदळाच्या जोडीला इथेच पिकणाऱ्या तुरीची डाळ दिली, तर गरिबाच्या ताटातले वरण घट्ट होईल.

आपल्याकडे मागणे एवढेच, की यापुढे असे अनुभव छापताना ‘मधुमेहमुक्त’ ऐवजी ‘मधुमेह शमलेला’ असे लिहावे आणि ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नये’ ही ओळ मथळ्याखालीच, ठळक अक्षरांत द्यावी. आमच्या गल्लीतले ते कास्तकार आपले दैनिक रोज वाचतात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
ता. दारव्हा, जि. यवतमाळ