जाहिरातीतली उल्का तुमचाच फोन पुसतो, त्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: फोनच्या कॅमेऱ्यातील अ‍ॅस्ट्रो मोडची (रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायची सोय) दिशाभूल करणारी जाहिरात आणि तपासणी न करताच बंद केलेली तक्रार

महोदय,

आपल्या कंपनीचा फोन मी गेल्या दिवाळीत नागपुरात घेतला, तो जाहिरातीतल्या एका फोटोवर भाळून. डोंगरावर गच्च ताऱ्यांचं आकाश, त्यातून तिरकी गेलेली लखलखीत उल्का आणि खाली ओळ, ‘अ‍ॅस्ट्रो मोडमध्ये टिपलेले छायाचित्र’. तक्रार या ओळीबद्दल आहे. आपला अ‍ॅस्ट्रो मोड उल्का टिपत नाही, आलेली पुसून टाकतो.

१३ डिसेंबर २०२५ च्या रात्री मिथुन उल्कावर्षाव पाहायला आम्ही काही हौशी मंडळी पेंचजवळ सिल्लारीत मुक्कामी होतो. पेंच हे भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे कृत्रिम उजेडापासून आकाश जपलेलं ठिकाण, २०२४ मध्ये मान्यता मिळालेलं; तेव्हा आकाशाला नावं ठेवायची सोय नाही. चंद्रही उत्तररात्री उगवणार होता. फोन ट्रायपॉडवर, टायमर लावलेला, रोख मृग आणि पुनर्वसूच्या मधे. बाराच्या सुमारास मृगातल्या काक्षी या ताऱ्याच्या शेजारून एक पिवळसर उल्का अशी ठसठशीत गेली की सगळेच ओरडले. फोटो चालू असताना स्क्रीनवर तिची रेघ मी पाहिली. मग ‘प्रोसेसिंग’ झालं आणि तयार फोटोतून रेघ गायब. रात्रभर हेच.

कारण आपल्या इंजिनिअरांना ठाऊक असणारच. पृथ्वी फिरते म्हणून चार मिनिटांत तारे सुमारे एक अंश, म्हणजे चंद्रबिंबाच्या दुप्पट सरकतात. त्यांच्या रेघा उमटू नयेत म्हणून फोन काही सेकंदांचे अनेक फोटो काढतो, तारे एकावर एक जुळवतो आणि सरासरी घेतो. जे एकाच फोटोत आहे ते त्याच्या लेखी दोष. विमान, उपग्रह असे निघून जातात हे उत्तमच, पण सेकंदभर दिसणारी उल्काही एकाच फोटोत असते! सुटे फोटो फोन ठेवत नाही, त्यामुळे ती परत मिळवायचा मार्गही नाही. मग जाहिरातीतली उल्का या मोडमध्ये आली कशी, हे मला लेखी कळवावं.

नॉइज रिडक्शन, म्हणजे अंधारातल्या फोटोतले दाणे पुसणारी प्रक्रिया, बंद करता येत नाही, हेही यातच. कृत्तिकांभोवतीचे बारीक तारे त्यात धुऊन जातात आणि तांबूस काक्षी पांढरीफटक होते.

सेवा केंद्रात भर दुपारी काउंटरवरच्या मुलाने समोरच्या ट्यूबलाइटचा फोटो काढला, “काका, एकदम क्लिअर तर येऊन राहिला ना,” म्हणाला आणि जॉबशीटवर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारला. त्या पोराचा राग नाही, त्याला कोणी शिकवलंच नसणार. ईमेलला मात्र आपल्या कार्यालयातून उत्तर आलं: लेन्स मऊ कापडाने पुसा, फॅक्टरी रिसेट करा. पुसायचं काम फोन आधीच चोख करतो आहे.

माझी मागणी साधी आहे. पुढच्या अपडेटमध्ये सुटे फोटो जतन करण्याची आणि नॉइज रिडक्शन बंद करण्याची सोय द्या, आणि ती जाहिरात मागे घ्या किंवा तिच्याखालची ओळ दुरुस्त करा. हे जमणार नसेल तर फोन परत घेऊन पूर्ण रक्कम द्या. १५ दिवसांत ठोस उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. दिशाभूल करणारी जाहिरात त्या कायद्यात येते.

बिलाची व जॉबशीटची प्रत, जाहिरातीचं कात्रण आणि दोन फोटो सोबत जोडले आहेत: एक आपल्या फोनचा, दुसरा त्याच वेळी मित्राच्या जुन्या डीएसएलआरने काढलेला. उल्का दुसऱ्यात आहे. उत्तर कॅमेरा विभागातल्या माणसाकडून यावं, ही विनंती.

आपला,
एक ग्राहक, नागपूर
(नाव व संपर्क बिलाच्या प्रतीवर)