पॅथॉलॉजी घेऊ दे पोरीला

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय दिग्या,

पत्र मिळालं. पोरीला एमडीला पॅथॉलॉजी मिळतेय आणि तू धास्तावलायस. ती शिकून बाहेर पडेपर्यंत मायक्रोस्कोपखालचे गाठींचे तुकडेही कॉम्प्युटरच बघायला लागला तर? वहिनींनीही म्हणे जीव टांगणीला लावलाय. अरे, होय की, कॉम्प्युटर बघतोय. पण काय बघतोय ते ऐक.

परवा निपाणीची एक बाई आली. जन्म तंबाखूच्या वखारीत गेलेला, वर मिश्रीची सवय. जिभेच्या कडेला गाठ. शस्त्रक्रियेत निघालेली गाठ फॉर्मॅलिनमधून आली, मेणात ब्लॉक झाला, मायक्रोटोमवर, म्हणजे काप काढायच्या यंत्रावर, तीन-चार मायक्रॉनचे सेक्शन (पातळ काप) काढून काचेवर घेतले आणि रंगवले. इथवर सगळं आपल्या कॉलेजच्या काळातलंच. मग मात्र काच मायक्रोस्कोपऐवजी स्कॅनरमध्ये गेली. ४० एक्सला एक पिक्सेल म्हणजे पाव मायक्रॉन, त्यामुळं एकेका काचेची फाईल जीबीच्या घरात. गाठ किती खोल गेलीय, ५ मिलिमीटरच्या आत की बाहेर, यावर स्टेज बदलते. पूर्वी काचेवर पेनानं ठिपके देऊन पट्टी लावायचो. आता स्क्रीनवर रेघ ओढली की आकडा समोर. तीच प्रतिमा मिरजेच्या सर्जननं तिकडं बसून पाहिली. (फॉर्म कन्नडमध्ये, रिपोर्ट इंग्रजीत आणि बाईला समजावायचं मराठीत, हे काम अजून माझ्याकडंच आहे!)

आता एआय. २०१६ च्या कॅमेलिऑन या कॉम्प्युटर प्रोग्रामांच्या स्पर्धेत, स्तनाचा कॅन्सर लिम्फ नोडमध्ये (लसिकाग्रंथीत) पसरलाय का हे काचेवरून ओळखताना, सगळ्यात सरस प्रोग्रामनं घड्याळ लावून बसवलेल्या ११ पॅथॉलॉजिस्टांना मागं टाकलं. वेळेचं बंधन नसलेल्या एकाशी मात्र त्याची बरोबरीच झाली. माझ्यामागं घड्याळ रोजच असतं, म्हणून मी त्याला हसत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं-उपकरणं तपासणारं सरकारी खातं) पेज कंपनीच्या प्रोस्टेटच्या कॅन्सरवरच्या एआयला परवानगी दिली, तीही पॅथॉलॉजिस्टच्या मदतीला म्हणून, त्याच्या जागी नव्हे.

पण दिग्या, स्तन झालं, प्रोस्टेट झालं. आपल्याकडं रांग तोंडाची. सुपारी-गुटख्यानं आवळून दोन बोटंही न उघडणारी तोंडं, त्यातले चट्टे. एका कंपनीचं सॉफ्टवेअर आम्ही लावून पाहिलं. सेक्शन जिथं दुमडला होता नेमका तिथंच त्यानं कॅन्सरचा लाल रंग भरला, आणि आवळलेल्या तोंडाच्या काचेवर तर पुरतं गोंधळलं. त्याला दोष काय द्यायचा? असल्या काचा त्यानं पाहिल्याच नसणार.

म्हणून हल्ली संध्याकाळी मी आणि एक ज्युनियर मिळून आमच्या जुन्या काचांवर सीमा आखत बसतो. इथवर डिस्प्लेसिया (पेशी बिघडल्यात, पण आत घुसल्या नाहीत), इथून पुढं कॅन्सर घुसलाय. निम्म्या वेळा आमचंच जमत नाही आणि भांडण जुंपतं. कंटाळवाणं काम आहे, पैसाही नाही. पण ते आपल्या भागातल्या पॅथॉलॉजिस्टनंच करायचं आहे, आणि माणसं नाहीत. मला या धंद्यात आजच्याइतकी मजा पूर्वी कधी आली नव्हती, हे खरं सांगतो.

तेव्हा घेऊ दे तिला पॅथॉलॉजी. सुट्टीत इकडं पाठव. आधी मायक्रोटोमवर बसवीन, स्क्रीन नंतर. सेक्शन धड नसेल तर पुढच्या लाखांच्या मशीनला काय चाटायचंय? राहायचं आमच्याकडंच. कुंदा इथंच खायला घालू, बांधून मात्र देणार नाही, तुला शुगर आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अन्या