१२० वेळा तेच चित्र

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. मी अगदी मजेत आहे. झोप नीट होते, चष्म्याचा नंबर वाढलेला नाही आणि आवाज बसला होता तोही सुटला. आई विचारणारच, म्हणून आधीच सांगून टाकलं. रोजचं बाकी फोनवर होतंच.

इथल्या गणितवाल्यांच्या एका सवयीची मात्र मला अजून गंमत वाटते. फळ्यावर कुणी ग्राफ काढला, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, की ऐकणाऱ्यांतलं कुणीतरी उठतं, तो सरळ पुसतं आणि तोच ग्राफ वेगळा मांडतं. ज्याचा पुसला त्याला काही वाटत नाही! मला आधी हा शुद्ध उद्धटपणा वाटायचा. परवा पीटरसन ग्राफ चालला होता: १० बिंदू, १५ रेषा, बाहेर पंचकोन, आत चांदणी. हे चित्र फिरवून, उलटवून १० प्रकारांनी स्वतःवर बसतं. एकीने ते पुसलं. एक बिंदू मधे, भोवती त्याचे तीन शेजारी, उरलेले सहा कडेला. आता तिनाची सममिती दिसायला लागली आणि पाचाची पार गायब. ग्राफ मात्र तोच.

म्हणून इथे चित्रावर कुणी विश्वास ठेवत नाही, ग्रुपवर ठेवतात, म्हणजे ग्राफ स्वतःवर बसवणाऱ्या सगळ्या अदलाबदली मिळून जो संच होतो त्यावर. १ ते ५ मधल्या दोन-दोन आकड्यांच्या जोड्या घ्या, होतात १०. ज्या दोन जोड्यांत एकही आकडा सामाईक नाही, त्यांना रेषेने जोडा. झाला पीटरसन. आता आकड्यांची कशीही अदलाबदल करा, १२० प्रकार आहेत, एकही रेषा तुटत नाही. यापलीकडे त्याची सममिती नाही. मग ठरलेला प्रश्न येतोच, ‘एक बिंदू धरून ठेवला तर?’ समजा १-२ ही जोडी हलवायची नाही. १ आणि २ आपसात बदलतील, दोन प्रकार, ३, ४, ५ बदलतील, सहा प्रकार, मिळून १२. आणि हा बिंदू दहापैकी कुठेही जाऊ शकतो, म्हणून १० गुणिले १२. बाबांच्या वहीतल्या ताळ्यासारखं जमतं. (आई, कंटाळलीस तर पुढचा परिच्छेद सोड.)

बाबा, ‘ठिपक्यांत आता उरलंय काय?’ असं तुम्ही विचारलं होतंत. भरपूर उरलंय. ग्राफ एकसंध असेल, प्रत्येक बिंदूला तीनच रेषा असतील आणि कुठलीही रेषा, कुठल्याही दिशेने, दुसऱ्या कुठल्याही रेषेवर नेता येत असेल, तर एक बिंदू धरल्यावर जास्तीत जास्त ४८ सममिती उरतात, ग्राफ कितीही मोठा असो. हे गणितज्ञ टट यांनी १९४७ मध्ये सिद्ध केलं. चार रेषा आल्या की ही मर्यादाच कोसळते. एक लांब कडं घ्या, प्रत्येक बिंदूच्या जागी जुळे ठेवा आणि शेजारच्या जुळ्यांना सगळ्या रेषांनी जोडा. कुठलीही एक जुळी जोडी आपसात बदला, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. कडं जितकं लांब, तितके हे बदल दुपटीने वाढतात. असे ग्राफ ओळखून वेगळे काढणं, हेच माझं काम. आणि उपयोगाचं म्हणाल, तर एकाच रासायनिक सूत्राच्या किती वेगवेगळ्या रेणू-रचना होतात हे मोजायला गणितज्ञ पोल्या यांनी १९३७ मध्ये हेच ग्रुप वापरले. रिकामटेकडी नाही हो मी.

आता मुद्द्याचं. शिष्यवृत्ती वर्षभर वाढली. पण व्हिसाचे कागद अडकलेत आणि त्यात बाहेर पडले तर परत येता येणार नाही, म्हणून छोटीच्या लग्नाला मला जमत नाही. फोनवर तिला हसत सांगितलं, तीही हसली. माझ्या जागी काकूंची मोठी उभी राहील म्हणालात, ते बरंच झालं. सगळे विधी व्हिडिओवर दाखवा, मी रात्रभर जागीन. माझ्या स्थळाचं प्रबंध दिल्याशिवाय काढू नका, त्या मंडळींना तसं स्पष्ट कळवा.

लग्नासाठी पैसे पाठवलेत. बाबा, ते छोटीवरच खर्च करा. मागचे तुम्ही माझ्याच नावाने ठेवीत टाकलेत, ते मला कळलंय.

तुमची,
मोठी