ताई इथली आणि धाकटा एनआरआय?

मा. संपादक,
स.न.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत अमेरिकेतून परत येणाऱ्या कुटुंबांवर पानभर लेख होता, मथळ्यातच 'लाट' असा शब्द. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प साहेबांनी नव्या एच-वन-बी (म्हणजे तिकडच्या नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जावर एक लाख डॉलर फी लावली आणि मग लोक बॅगा भरायला लागले, असा एकंदर सूर. लेख वाईट नव्हता, पण तो वाचून आमच्या सोसायटीतल्या तिघांनी मला दिवसभरात विचारलं की काय ओ, तुम्ही पण त्यातलेच का, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं, आणि त्या निमित्तानं आमच्या दोन पोरांच्या कॉलेज-प्रवेशाचा तिढाही मांडावा. आम्ही त्यातले नाही. आम्ही जून २०२२ ला आलो, नोकरी गेली नव्हती, कुणी हाकललंही नव्हतं. आणि देशप्रेमानं भारावून वगैरे पण नाही आलो, ते पण आधीच सांगते, कारण लोकांना ह्या दोनच गोष्टी माहीत असतात, एक तर तिकडे जमलं नाही म्हणून आले नाहीतर मातीची ओढ.

आमचं कारण आयर्विन पूल. सांगलीकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते, कृष्णेचं पाणी किती चढलं हे आमच्याकडे आयर्विनला मोजतात, ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ च्या वर गेलं. सासूबाई गावभागातल्या घरात एकट्या, वय ७२, आणि आम्ही एडिसनला, न्यू जर्सीत, रात्रभर फोन हातात घेऊन आयर्विनला किती झालं, आयर्विनला किती झालं. तळमजल्यात पाणी आल्यावर त्या माडीवर गेल्या, मग फोनचं चार्जिंग संपलं, मग चौदा तास काहीच कळलं नाही. शेवटी गल्लीतल्या एका पोरानं कळवलं की काकूंना बोटीतून काढलंय, त्यांनी देवघरातला बाळकृष्ण तेवढा पदरात बांधून घेतलाय आणि बोटवाल्याला हळू चालव म्हणून रागावतायत. तेव्हा आम्ही हसलो आणि मग नवरा बाथरूममध्ये जाऊन रडला. दीर पुण्यात, पण रस्ते बंद. आणि आम्ही निघावं म्हटलं तर व्हिसाचा शिक्का संपलेला, म्हणजे इकडे आलो की नवीन शिक्क्यासाठी अपॉइंटमेंट, ती कधी मिळेल ते देव जाणे, तोवर नोकरीचं काय? नाही आलो. त्यानंतर करोना. मग जुलै २०२१ ला परत पाणी. त्या रात्री आम्ही दोघं काही बोललोच नाही फारसं, पण ठरलं तेव्हाच.

ग्रीन कार्ड कधीतरी मिळालं असतं का, तर कागदावर हो. पण तिकडे एका देशाला वर्षाला ७ टक्क्यांच्या वर देत नाहीत, मग आईसलँड असो की भारत, त्यामुळे आपल्या लोकांची रांग इतकी लांब की आमच्या ओळखीतले एक काका म्हणायचे, माझा नंबर माझ्या श्राद्धाला लागेल. असो.

सामानाचं काय सांगू. कंटेनरमधून न्हावाशेवाला आलं, ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्समध्ये (कायमचं परत येणाऱ्यांसाठीचा कस्टमचा नियम) दोन वर्षांच्या वर बाहेर राहिलेल्यांना घरातल्या वापरातल्या वस्तूंवर सूट मिळत होती ५ लाखापर्यंत, तेवढं नीट झालं. पण मी हौसेनं आणलेला कणीक मळायचा मिक्सर ११० व्होल्टचा, तो ट्रान्सफॉर्मर न लावता जावेनं सरळ भिंतीत लावला आणि एक भप्प आवाज. सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, हात आहेत की. पैशाची गोष्ट पण दोन ओळीत उरकते, पगार आता रुपयात आहे, एनआरई खातं (परदेशात राहणाऱ्यांचं इथलं बँक खातं) परत आल्यावर बदलून घ्यावं लागतं हे बँकेतल्या मुलीला आम्हीच समजावलं, आणि तिकडची सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शनची वर्गणी, दहा वर्षं भरली होती म्हणून म्हातारपणी थोडंफार येईल. ह्यातलं काहीच रडण्यासारखं नाही.

मला लिहायचंय ते पोरांबद्दल.

मुलगी २०११ ची, आता आठवीत. मुलगा २०१५ चा, आता पाचवीत. दोघं जन्मानं अमेरिकन, आम्ही दोघं अजून भारतीय पासपोर्टवाले. मुलगी आठ महिन्यांची असताना तिला आज्जीला दाखवायला आणायची होती म्हणून २०१२ ला हौसेनं तिचं ओसीआय कार्ड काढलं, म्हणजे परदेशी पासपोर्ट असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते, त्याच्यावर इथे यायला व्हिसा लागत नाही. धाकट्याच्या वेळी, खरं सांगते, कंटाळा केला. त्या कार्डाचे फोटो ठराविक मापाचे, तान्ह्या बाळाचे कान दिसले पाहिजेत, अंगठ्याचा ठसा, नोटरी, दहा झेरॉक्सी... म्हटलं एकदाच जायचंय, साधा व्हिसा काढू. तसंच केलं. त्याचं ओसीआय आम्ही परत यायच्या वेळी काढलं, २०२२ मध्ये. बास, एवढीच आमची चूक.

आता गंमत बघा. ४ मार्च २०२१ ला केंद्र सरकारनं अधिसूचना काढली की ओसीआय मुलांना नीट, जेईई वगैरे मेडिकल-इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षा देता येतील पण प्रवेश फक्त एनआरआय जागांवर किंवा जादाच्या जागांवर, भारतीय नागरिकांसाठीच्या जागांवर नाही. त्याच्या आधी ही मुलं बाकीच्या मुलांसारखीच धरली जायची. लोक कोर्टात गेले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हा नियम पुढच्यांना लागू, ज्यांचं ओसीआय ४ मार्च २०२१ च्या आधीचं आहे त्यांना जुनाच हक्क राहील. म्हणजे आमच्या घरात, एकाच ताटात वरणभात खाणारी दोन भावंडं, ताईचं कार्ड २०१२ चं म्हणून ती इथल्या मुलांच्या बरोबरीची आणि धाकट्याचं २०२२ चं म्हणून तो एनआरआय. आणि एनआरआय जागेची फी किती पट असते ते तुमच्या वाचकांना माहीतच आहे. हे मला कळलं कधी, तर मागच्या दिवाळीत, एका लग्नात जेवायच्या रांगेत, तोपर्यंत पत्ताच नाही.

धाकट्याला व्हायचंय गुरांचा डॉक्टर. (हो, त्यालाही नीटच लागते.) हे खूळ त्याच्या डोक्यात इथे आल्यावर शिरलं, आमच्या मागच्या गल्लीत गवळ्याच्या म्हशी आहेत. आला तेव्हा सात वर्षांचा होता आणि "मॉम, म्हैस आला" म्हणायचा. एडिसनला रविवारी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत जायचा, तिथल्या बायका घरचं काम टाकून जीव तोडून शिकवतात, त्यांना नावं ठेवणार नाही, पण आठवड्याला दोन तासात श्लोक पाठ होतो, जिभेला ळ येत नाही. आज्जीनं त्याला पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यावर केळी आणायला पाठवलं. तो दुकानात जाऊन म्हणाला, "काका, केली द्या." दुकानदार म्हणाले, "काय केली रे बाळा?" पोरगं रडत परत. आज्जीनं जवळ बसवलं, जिभेचं टोक उलटं वळवून टाळूला लावायला शिकवलं, हळद, फळा, म्हाळसा, काळा बोका, असं पंधरा दिवस रोज संध्याकाळी दिवा लावला की चालायचं. हरिपूरला संगमावर नेलं तेव्हा तिथली हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, दाखवून पण तेच, बघ, ह-ळ-द. आता त्याचा ळ माझ्यापेक्षा जड येतो आणि चिडला की "लई शानपना करू नगंस" म्हणतो, ते मात्र आज्जीनं शिकवलेलं नाही, ते म्हशींकडचं.

शाळेत पहिले सहा महिने त्याला डॉलऱ्या म्हणायचे. आता तेच चार जण रोज संध्याकाळी आमच्या दारात सायकली टाकून पडलेले असतात.

तर हा मुलगा बारावीला बसेल तेव्हा त्याची सलग अकरा वर्षं ह्याच गावात गेलेली असतील. त्याच्या बरोबरचे चौघं नीट देतील, तोही देईल, चौघांपैकी कुणाला शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजला मिळालं तर मिळेल, आणि ह्याला त्याच मार्कांना एनआरआयच्या रांगेत जा म्हणतील. ज्याचा बाप सांगलीत राहून रुपयात टॅक्स भरतो तो नॉन रेसिडेंट कसा, हे मला कुणीतरी समजावून सांगा. मी सहज सेतू केंद्रात अधिवास दाखल्याची चौकशी केली, तिथला मुलगा चांगला होता, त्यानं फॉर्म फिरवून दाखवला, "वहिनी, ह्यात वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास असं एकत्र असतंय. अधिवास लिहितो की, पण राष्ट्रीयत्वात काय लिहू?" मी काय सांगणार.

ह्याला उपाय नाही का, असं कुणी विचारेल. म्हणून शोधलं. एक, आईबाप भारतीय असतील तर परदेशात जन्मलेल्या मुलाची एका वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत नोंद करता येते आणि ते मूल भारतीय नागरिक होतं, पण त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नसेल तरच. तिकडे हॉस्पिटलमधून आल्यावर महिन्याभरात सगळे जण बाळाचा अमेरिकन पासपोर्ट काढतात, आम्हीही काढला, दुसरा रस्ता आहे हे कुणी सांगितलंच नाही आणि आम्ही विचारलंही नाही. दोन, भारतीय आईबापांचं अल्पवयीन मूल इथे अर्ज करून नागरिक होऊ शकतं. पण मग अमेरिकेचं सोडावं लागतं, दोन्ही आपल्याकडे चालत नाही, आणि सोळाच्या आतल्या मुलाला असा निर्णय घेण्याची समज आहे असं अमेरिकावाले सहसा धरत नाहीत. सोळा ते अठरा एवढ्या फटीत काय ते करायचं, आणि त्याच दोन वर्षात अकरावी-बारावी आणि नीट. वकील म्हणाले, बघू. वकील बघू म्हणाले की काय समजायचं ते आपल्याला माहीत असतं.

मी दुसरी बाजू पण मान्य करते. जागा थोड्या आहेत, एकेका मार्कासाठी इथल्या पोरांची झोप उडालेली असते, आणि तिकडे डॉलरमध्ये कमावून, तिकडेच राहून, मुलाला फक्त स्वस्तातल्या सीटसाठी इथे पाठवणारे आहेत, मी अशी दोन घरं ओळखते. त्यांना एनआरआय म्हणा, खुशाल म्हणा, मी टाळ्या वाजवीन. तुमच्याच पेपरात एका शिक्षकांनी लिहिलं होतं की परत येणाऱ्यांनी इथल्या मुलांच्या ताटातलं काढून घेऊ नये, त्यांचा राग मला कळतो. पण मग मोजायचं काय, कार्डावरची तारीख की मूल इथे किती वर्षं राहिलं? माझ्या मुलीनं समजा सतराव्या वर्षापर्यंत एडिसनलाच काढलं असतं आणि मग फक्त प्रवेशापुरती आली असती, तरी ह्या नियमापुरतं तिच्या २०१२ च्या कार्डानं तिला चाललं असतं, आणि दुसरीपासून इथल्या बाकावर बसलेल्याला नाही चालणार. ही कुठली मोजपट्टी?

मागणी एवढीच आहे. जी मुलं सलग सात-आठ वर्षं भारतात राहिली, दहावी आणि बारावी दोन्ही इथून दिली, आणि आईबाप दोघं इथले नागरिक आहेत, इथे कर भरतात, त्यांना एनआरआयमध्ये ढकलू नका. शाळेच्या हजेरीपटावर सगळं लिहिलेलं असतं, वेगळा पुरावा शोधायला नको. आमच्या भागातल्या खासदारांना पत्र पाठवलंय, पोचल्याची पावती आलीय, पुढे काही नाही.

आणि तुमच्याकडे दुसरी विनंती. लाट आली, लाट आली असं छापता तसं एक चौकट ह्याची पण छापा, कारण तुमचा ई-पेपर एडिसन, डॅलस, बे एरियात सकाळच्या चहाबरोबर वाचला जातो हे मला पक्कं माहीत आहे, मीच तेरा वर्षं वाचला. तिथल्या आईबापांनी आज कपाट उघडून पोरांच्या ओसीआय कार्डावरची तारीख बघावी, बाळ नवीन असेल तर पासपोर्टचा फॉर्म भरायच्या आधी वकिलातीत विचारावं.

आमच्या धाकट्याला मी हे सगळं अजून सांगितलेलं नाही. ताईला सांगितलं, ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग माझं कार्ड त्याला देता येतं का?" परवा गवळ्याची म्हैस व्यायली तेव्हा रात्री अकराला तो कंदिलासारखा मोबाईलचा टॉर्च धरून उभा होता, घरी आला तो शर्टभर चीक, आणि सासूबाईंनी त्या चिकाच्या वासानंच ओळखून, खरवस मागून आणलास का रे, असं पहिलं विचारलं. आणला होता, किटलीभर.

कृपया नाव छापू नये, मुलांची शाळा लहान आहे.

आपली,
एक वाचक, गावभाग, सांगली