पोटगीचा हिशेब आणि आंब्याची पट्टी

संपादक महोदय,

मुलांच्या पोटगीसाठी ‘पगाराच्या अमुक टक्के’ असे सूत्र आपल्या कायद्यात नाही. आई-वडील दोघांची कमाई, जबाबदाऱ्या आणि मुलाचा खरा खर्च पाहून न्यायालय रक्कम ठरवते. रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दोघांनाही मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. कोकणात घोळ होतो तो इथेच. शेतीचे उत्पन्न करमुक्त, त्यामुळे करपात्र आकडा पाहिला तर बागायतदार कफल्लकच दिसतो! तेव्हा सातबारा, दलालाच्या आंबापट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या), बँकेचे उतारे मागवावेत आणि हंगामाची कमाई बारा महिन्यांत विभागून दाखवावी. फी-औषधांच्या पावत्या जोडाव्यातच. थकबाकीसाठी मात्र रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा. उशीर झाल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पोटगीविषयक कलम १४४ खाली वसुलीचे वॉरंट निघत नाही.

— एक वकील, रत्नागिरी