काका, तुम्हाला दीड वर्ष सांगितलं होतं

प्रिय काका,

नाव लिहू नकोस म्हणून तुम्ही बजावलंय, त्यामुळे लिहीत नाही. भोसरीतली निम्मी टूलरूमवाली मंडळी ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही.

गेल्या आठवड्यात वीज मीटर बनवणाऱ्या कस्टमरची आमच्या चिपसाठी दुसरी ऑर्डर आली, पहिलीपेक्षा मोठी, आणि तुम्हाला फोन केला तर तुम्ही "बरं झालं, जेवलास का" एवढंच म्हणालात. म्हटलं आता हे लिहूनच काढू, समोर बसून बोललो तर तुम्ही विषय बदलता.

२०१८ च्या जूनमध्ये तुम्ही गाळा विकलेल्या पैशांतले ३५ लाख दिलेत आणि मी छातीठोकपणे सांगितलं होतं, दीड वर्षात वीज मीटरची चिप बाजारात. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं हो. कॉम्प्युटरवर सिम्युलेशन चोख चालत होतं, फॅबला, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्याला, फाइल पाठवायची, तीन-चार महिन्यांत चिप हातात, टेस्टिंग करून विकायची, एवढाच हिशोब. आमच्यासारख्या छोट्यांना अख्खा मास्क सेट, म्हणजे चिपची नक्षी छापायचे साचे, परवडत नाही, म्हणून आम्ही शटलमध्ये जागा घेतो, म्हणजे एकाच वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) पाच-पंचवीस जणांची डिझाइन्स आणि खर्च वाटून. पण शटल ठरलेल्या तारखेला सुटते, एसटीसारखी. चुकली की पुढचीची वाट बघा, आणि चूक सापडली तरी तेच.

पहिली चिप २०१९ च्या पावसाळ्यात आली आणि पॉवर दिल्या दिल्या बोट भाजेल इतकी तापली. पॅडजवळचं एक कनेक्शन उलटं गेलं होतं, आमचीच चूक. मी तोंड पाडून तुमच्याकडे आलो तर तुम्ही कपाटातून एक जुनं कास्टिंग काढलंत, कडेने फ्लॅश, म्हणजे साच्यातून बाहेर सांडलेला धातू, आलेलं, आणि म्हणालात, "हे माझ्या पहिल्या डायमधून, साच्यातून, निघालेलं. टी-वनला, पहिल्या ट्रायलला, नीट पार्ट निघाला असं सांगणारा टूलमेकर मला अजून भेटायचाय." मग विचारलंत की सिलिकॉनच्या तुकड्यालापण डायच म्हणतात का, आणि मी हो म्हटल्यावर जे खूश झालात! त्या दिवसापासून आपली भाषा एक झाली.

दुसरी चिप आली २०२० च्या जानेवारीत. दुपारी झकास चालायची, सकाळी लॅब उघडली की दहातल्या तीन उठायच्याच नाहीत. चार दिवस कळेना. शेवटी बायकोचा हेअर ड्रायर आणून एकीवर धरला, तर मिनिटभरात जागी! चिपच्या आत एक रेफरन्स सर्किट असतं, साधारण १.२ व्होल्ट स्थिर देणारं, बाकी सगळं मोजमाप त्याच्या जिवावर. ते स्वतःहून सुरू होईलच असं नसतं, त्याला सुरुवातीला एक धक्का द्यावा लागतो आणि आमचा धक्का थंडीत कमी पडत होता. जुनी स्कूटर तिरकी करून किक मारायचो ना आपण, तसला प्रकार.

ही गोष्ट मी तुमच्यापासून तीन आठवडे लपवली. अख्ख्या प्रवासात तुम्ही माझ्यावर एकदाच चिडलात, ते तेव्हा. पैशावरून नाही. "नापास झालास ते सांग, पण प्रगतिपुस्तक लपवू नकोस, मी तुझा बाप नाहीये," असं म्हणून फोन ठेवलात. त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तुम्हाला सगळं खरं लिहून पाठवायला लागलो, खात्यात किती उरलेत तेसुद्धा.

मग लॉकडाऊन, आणि त्यातून जरा बाहेर येतोय तोवर जगभर चिपची टंचाई. गाड्यांचे कारखाने चिपवाचून थांबलेले, फॅब फुल, चिपला कवच घालणारे पॅकेजिंगवाले फुल, आमच्यासारख्या चिल्लर लोकांना कोण विचारतो. २०२१ मध्ये आपल्यातल्याच एका गुंतवणूकदारांनी पैसे परत मागितले (त्यांचंही चुकलं नव्हतं, घरची अडचण होती) आणि मीटिंगमध्ये सगळ्यांचाच सूर बिघडला. तेव्हा तुम्ही एएसएमएलची, चिपवर नक्षी छापायची मशीनं बनवणाऱ्या डच कंपनीची, गोष्ट काढलीत. मी कधीतरी सहज सांगितलेली, तुम्ही मात्र ती पाठच करून ठेवली होती. कथिलाचा थेंब, सेकंदाला ५०,००० थेंब, प्रत्येकाला आधी लेझर मारून पोळीसारखा चपटा करायचा मग दुसऱ्या फटक्यात उडवायचा, त्यातून १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश निघतो. "आपण कल्हईला वापरतो तेच कथील," हे तुमचं वाक्य ऐकून तो सीए पण हसला.

मग आकडे. १९८६ मध्ये जपानमध्ये किनोशितांनी असल्या प्रकाशाने नक्षी उमटवून दाखवली तेव्हा लोकांचा विश्वास बसेना. २०१२ मध्येही प्रकाश पुरेसा पडत नव्हता, तरी इंटेल, टीएसएमसी, सॅमसंग या तीन गिऱ्हाइकांनी मिळून त्या कंपनीचा २३ टक्के हिस्सा ३.८५ अब्ज युरोंना घेतला, वर संशोधनाला १.३८ अब्ज वेगळे. कारखान्यात वापरायला लागणारा २५० वॅटचा प्रकाश २०१७ ला साधला आणि मोबाइलमध्ये त्या चिप्स यायला २०१९ उजाडलं. आमची चिप १८० नॅनोमीटरची, म्हणजे जाड नक्षीची, तिला त्या मशीनची गरजही नाही, आणि ते अब्जाधीश कुठे आपण कुठे, हे मी तुम्हाला टेबलाखालून पाय मारून सांगत होतो! पण बाकीचे थांबले. ज्यांना निघायचं होतं त्यांचा हिस्सा तुम्हीच घेतलात, आणि त्यासाठी नवी गाडी राहिली हे मला काकूंकडून दोन वर्षांनी कळलं.

२०२१ च्याच डिसेंबरात सरकारची ७६,००० कोटींची सेमीकंडक्टर योजना जाहीर झाली आणि आख्ख्या नातेवाइकांचे फोन, आता तुझी चांदी! तुम्ही तेवढं विचारलंत, "तिसरी ट्रायल कशी आहे?" चांगली होती काका. फ्रीझरमध्ये मटारशेजारी ठेवून पण उठली. तरी त्यानंतर १००० तास तापवून बघायची टेस्ट, मग कस्टमरच्या मंजुऱ्या, पहिली पैसेवाली ऑर्डर यायला २०२४ उजाडलं. दीड वर्षाची सहा वर्षं.

तुम्ही मागितलेली ती पहिल्या लॉटमधली तापणारी चिप सापडली, जुन्या डबीत होती. रविवारी घेऊन येतो, त्या फ्लॅशवाल्या कास्टिंगशेजारी ठेवा. आणि पुढच्या चिपचं काय म्हणून विचारू नका, शटल ऑक्टोबरात आहे, बाकी तारीख मी सांगणार नाही.

तुमचाच,
रविवारचा रिपोर्टवाला